पॅकेज वाढलं, मग पैसे गेले कुठे?

टूथपेस्टची ट्यूब नागपूरच्या सीताबर्डीत घ्या नाहीतर मुंबईच्या नरिमन पॉइंटला, एमआरपी तीच. मोबाइलचा रिचार्ज तोच, ऑनलाइन मागवलेली जीन्सही त्याच भावात. मग एका शहरात महिनाअखेरीला पार्टी आणि दुसऱ्या शहरात महिनाअखेरीला मॅगी, असं का राव?

नागपूर, पुणे आणि आता मुंबई असा माझा प्रवास झाल्यामुळे ग्रुपमधलं कुणी शहर बदलायला निघालं की पहिला फोन मला येतो. परवा नाशिकच्या एका मैत्रिणीचा आला. ‘अगं, मुंबईची ऑफर आहे, थेट पंधरा हजारांची हाइक! घेऊ ना?’ तिला म्हटलं, थांब जरा. आधी हेअरकटचा फंडा समजून घे.

कात्री तीच, रेट वेगळा

वस्तू ट्रकमध्ये बसतात. जिथे स्वस्त तिथून उचलायच्या, जिथे महाग तिथे विकायच्या. असं करणारे व्यापारी सगळीकडे असल्यामुळे किमतींतला फरक फार टिकत नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली आणि फरक आणखी कमी झाला. पण हेअरकट काही ट्रकमध्ये बसत नाही! कोल्हापुरात स्वस्तात होतो म्हणून अंधेरीहून कुणी केस कापायला तिकडे जाणार नाही.

अंधेरीची कात्री काही जास्त स्पीडने चालत नाही. पण सलूनवाल्याला गाळ्याचं भाडं भरायचंय, त्याच्या कारागिराला खोलीचं. पगार कमी पडला तर तो कारागीर उद्या मॉलमध्ये नोकरी धरेल. हे सगळं तुमच्या बिलात येतं. डबा, इस्त्री, कामवाल्या मावशी, जिम... सगळीकडे हीच गोष्ट.

बेला बालासा आणि पॉल सॅम्युएल्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी 1964 मध्ये स्वतंत्रपणे देशादेशांबद्दल हेच मांडलं होतं. जिथे मोठे उद्योग जास्त कमावतात, तिथे पगार वाढतात. मग माणसं टिकवायची तर सलूनवाल्यालाही पगार वाढवावा लागतो. अमेरिकेतला दादा सुट्टीवर आला की आधी डेंटिस्ट का गाठतो, कळलं ना?

सगळा खेळ जागेचा

जागा तर अजिबातच हलवता येत नाही. पुण्याला चारही दिशांना पसरता येतं. मुंबईच्या तीन बाजूंना पाणी, त्यामुळे वाढायचं तर उत्तरेला किंवा खाडीपलीकडे. वर वाढावं म्हटलं तर नियम आडवे. प्लॉटच्या किती पट बांधकाम करायचं ते एफएसआय ठरवतो. 1991 च्या नियमांत तो मुंबई शहरात 1.33 आणि उपनगरांत 1 इतकाच होता. पुढे सवलती मिळत गेल्या, पण तोपर्यंत माणसं खूप आणि घरं कमी अशी अवस्था झाली होती.

त्यात 1947 च्या कायद्याने जुनी भाडी 1940 च्या पातळीवर गोठवलेली. 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली, तरी जुन्या भाडेकरूंचं संरक्षण कायम राहिलं. म्हणून गिरगावातल्या एकाच बिल्डिंगमध्ये एक आजोबा नाममात्र भाडं देतात आणि वरच्या मजल्यावरची नवी मुलगी अर्धा पगार! धास्तावलेले मालक मग अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवरच जागा देतात. म्हणजे दर वर्षी नवं अ‍ॅग्रीमेंट, बहुधा नवं भाडं, आणि घर बदललं तर पुन्हा ब्रोकरेज.

सरकारलाही माहीत आहे!

सातव्या वेतन आयोगाने केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांच्या तीन श्रेणी ठेवल्या. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर पोचल्यावर, जानेवारी 2024 पासून, हा भत्ता मूळ वेतनाच्या 30, 20 आणि 10 टक्के झाला. बेसिक 30 हजार असेल तर मुंबईत 9 हजार, नाशिकमध्ये 6 हजार आणि छोट्या गावात 3 हजार. गंमत म्हणजे पुणेही मुंबईच्याच श्रेणीत! श्रेणी लोकसंख्येवर ठरते, घरमालकाच्या मूडवर नाही.

वेळेचं बिल कोण भरतं?

मुंबईत सगळंच महाग, असंही नाही. लोकलच्या पासमुळे गाडी न घेता निभतं. पुण्यात टू-व्हीलर नसेल तर आयुष्य अवघड, मग पेट्रोल आणि सर्व्हिसिंग आलंच. पण लोकलच्या स्वस्ताईचं दुसरं बिल येतं, ते तासांमध्ये. तुम्हाला कॉफी देणारा मुलगा नालासोपाऱ्याहून येतो आणि ऑफिसचा सिक्युरिटीवाला बदलापूरहून. शहराचं महागडं भाडं ते रोज तीन-चार तास उभं राहून चुकवतात. आपल्यातलेही बरेच जण तेच करतात, फक्त कानात हेडफोन असतो, एवढंच.

मग मैत्रिणीला काय सांगितलं? समजा नाशिकमध्ये पगार 40 हजार आणि भाडं 8 हजार, तर हातात 32. मुंबईत पगार 55 हजार आणि शेअरिंगचं भाडं 20 हजार, तर हातात 35. वाढ 15 हजारांची नाही, 3 हजारांची! त्यातून डबा, प्रवास आणि डिपॉझिटसाठी अडकलेले पैसे वजा करा.

तरीही लोक येतात, आणि ते वेडे नाहीत. मोठ्या शहरात एक नोकरी सुटली तर दुसरी मिळायला गाव सोडावं लागत नाही. भाड्यात या संधीचीही किंमत असते. तुमच्या फील्डमध्ये पुढच्या उड्या तिथेच असतील तर ती जरूर मोजा. नसतील, तर दुसऱ्याच्या संधीचं भाडं आपण का भरायचं?

सही करण्याआधी

- सीटीसी विसरा, इन-हॅन्डमधून भाडं वजा करून तुलना करा.
- डिपॉझिट, ब्रोकरेज आणि शिफ्टिंग पहिल्याच महिन्यात लागतं. तेवढे पैसे आधी जमवा.
- घर ते ऑफिस एकदा पीक अवरला स्वतः जाऊन बघा.
- एचआरला बिनधास्त विचारा, ‘हा पगार कुठल्या शहराचा हिशोब करून ठरवलाय?’