सरडगुहिऱ्याचे सूतिकागृह

अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, १९८० साली काळविटांसाठी राखून ठेवलेल्या रेहेकुरीच्या माळावर बाभूळ, बोर, हिवर अशी जी काटेरी झाडी पर्जन्यछायेतील अपुऱ्या पावसावर तग धरून असते, त्याच जातीच्या झाडीत दख्खनच्या कोरड्या मुलखातील सरडगुहिरा, म्हणजे घोयरा सरडा, आपले मंदगती आयुष्य कंठीत असतो. ज्याचे गोत आफ्रिका आणि मादागास्कर येथे विपुल पसरले आहे, त्या कुळाचा भारतातील हा एकमेव प्रतिनिधी. लॉरेन्टीने त्याचे शास्त्रीय नामकरण केले ते १७६८ साली. अंगी विषाचा लवलेशही नसता केवळ गैरसमजापायी या निरुपद्रवी जीवाला दगड खावे लागतात, याचे मला अतिशय वाईट वाटते. फांदी सोडून जमिनीवर येणे त्याला मानवत नाही. तरीही मादीला ते साहस करावेच लागते, कारण तिची अंडी मातीतच रुजावयाची असतात.

हा गुप्त विधी मनुष्याला कळला तो बव्हंशी पिंजऱ्यातील निरीक्षणावरून. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात चेनेव्हिक्स ट्रेंच यांनी १९१२ साली या प्राण्याविषयी टिपणे प्रसिद्ध केली. पुढे १९८४ साली सिंह, आचार्यो आणि बस्टार्ड या त्रयीने त्याच्या प्रजननाची निरीक्षणे त्याच दफ्तरी दाखल केली. यांतील बस्टार्ड हे भारतातील मगर-संवर्धनाच्या आरंभीचे मार्गदर्शक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे अंड्यांविषयीची त्यांची आस्था सहज उमगते.

पाळीव अवस्थेत सर्वाधिक अभ्यासली गेलेली जात मात्र येमेनची. तिची मादी गर्भवती झाली की तिचा वर्ण काळवंडतो, त्यावर ठळक ठिपके उमटतात, आणि नर जवळ आला तर ती जबडा वासून, फुत्कार टाकून त्याला परतवून लावते. मीलनानंतर साधारणतः तीन-चार आठवड्यांनी ती अन्न सोडते, पिंजऱ्याच्या तळाशी अस्वस्थपणे फिरते, इकडे तिकडे उकरून पाहते आणि न पटलेली जागा टाकून देते. माती कशी असावी, याविषयी ती विलक्षण चोखंदळ असते: मुठीत दाबली असता गोळा व्हावा पण पाणी गळू नये, बोगदा खणला असता छप्पर ढासळू नये, आणि खोली वीतभर नव्हे, निदान फूटभर असावी. अशी माती लाभली की ती डोके खाली घालून खणीत जाते, तळाशी पोहोचल्यावर वळते, अंडी घालते, आणि मग दमलेल्या पायांनी माती लोटून, दाबून, भोक बेमालूम बुजविते. त्यानंतर ती तिकडे पुन्हा वळून पाहत नाही; अपत्यसंगोपन या कुळाच्या वाट्याला आलेलेच नाही.

या साऱ्या काळात निरीक्षकाचे श्रेष्ठ कर्तव्य म्हणजे दूर होणे. कोणी पाहत आहे असे तिला वाटले तर अर्धे खणलेले विवर ती सोडून देते. म्हणून जाणते लोक पिंजऱ्याभोवती पडदा लावून फटीतून पाहतात. मनाजोगी जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडतात आणि मादी प्राणास मुकते. नराचा सहवास नसतानाही निर्जीव अंडी तयार होऊ शकतात. त्यामुळे एकट्या मादीलाही मातीची तजवीज लागतेच, आणि हौशी पाळणाऱ्यांच्या हातून हीच गोष्ट वारंवार निसटते. अंडी काढून घ्यावयाची तर त्यांची जी बाजू वर असेल तीच वर ठेवून, न उलटवता हलवावी लागतात. येमेनी जातीत पिले बाहेर पडावयास सहा ते नऊ महिने जातात.

आपल्याकडील सरडगुहिऱ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण असल्यामुळे तो घरी पाळणे गुन्हा ठरतो. जखमी आढळल्यास वनखात्यास वर्दी द्यावी, हाच कायदेशीर मार्ग. तथापि पिंजऱ्यातील ज्ञान जिल्ह्याच्या शिवाराला निरुपयोगी नाही. भारतीय मादी ऑक्टोबरच्या सुमारास ओलसर जमिनीत दहापासून तीसपर्यंत अंडी पुरते, आणि रब्बी ज्वारीच्या या मुलखात पेरणीची धांदल त्याच ओलीवर चालते. फूटभर खोल पुरलेल्या अंड्यांना पाभरीचा फाळ कदाचित लागणार नाही, परंतु विवर खणण्यात गुंतलेली मादी त्या वेळी पळू शकत नाही. तेव्हा बांधालगत उकरलेली ताजी माती आणि तिच्यात अर्धवट रुतलेला हिरवा प्राणी दिसला, तर औत तेवढी जागा सोडून पुढे न्यावे.