डिस्क मेली की रॅक आडमुठा?

बीड असो वा अंबाजोगाई, लग्नसराईत फोटो स्टुडिओवाल्याला चालू मशीनमधूनच एसएसडी काढता-घालता आली तर हवीच असते. ही सोय पिनांच्या लांबीत आहे. साटा या डिस्क जोडण्याच्या मानकाच्या वीजजोडणीतल्या 15 पिनांपैकी चौथी आणि बारावी जरा लांब असतात, त्यामुळे आधी अर्थिंग जुळतं, मग वीज येते. अडीच इंची साटा एसएसडीला बहुधा 5 व्होल्ट पुरतात.

पण नवी डिस्क चालूच होत नसेल, तर खरी गोम तिसऱ्या पिनेत असू शकते! काही जुने रॅक, म्हणजे डिस्क सरकवायचे खण, तिथे 3.3 व्होल्ट सोडतात. 2016 मधल्या साटा 3.3 मानकात मात्र ही पिन, तिथे वीज आली की ड्राइव्ह बंद ठेवण्यासाठी दिली आहे. ती सोय असलेली नवी डिस्क अशा रॅकमध्ये ढिम्म राहते. म्हणून नवी डिस्क भंगारात टाकण्याआधी दुसऱ्या मशीनला लावून बघा.