दुखापतीनंतर पुन्हा शाळेत

शहापूरमधून जाणारा मुंबई-नाशिक महामार्ग, मुरबाडहून माळशेजकडे जाणारा घाटरस्ता, पावसाळ्यातली निसरडी झाडे, चुलीवरचे उकळते पाणी : आपल्या वस्त्यांतल्या मुलांना मोठ्या दुखापती होतात त्या इथेच. जीव वाचला, टाके निघाले की आपण निश्चिंत होतो. पण "बरं वाटलं की पाठवू" म्हणता म्हणता वर्ष जाते आणि शाळा कायमची सुटते. मुलींची तर आधी सुटते.

म्हणून मूल दवाखान्यात असतानाच मुख्याध्यापकांना कळवावे. घरी सोडताना डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : शाळा कधीपासून, रोज किती तास, आणि काय करू द्यायचे नाही. उत्तरे कागदावर घेऊन त्याची झेरॉक्स वर्गशिक्षकांना द्यावी.

डोक्याला मार लागलेले मूल वरून ठणठणीत दिसते, पण लवकर थकते, विसरते, चिडते. त्याला आळशी म्हणू नये. सुरुवातीला अर्धा दिवस शाळा, मधे विश्रांती, आणि डॉक्टर सांगेपर्यंत खेळ, सायकल बंद. वारंवार उलटी, झटके, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसली तर 108 ला फोन करून लगेच रुग्णालय गाठावे.

भाजलेल्या मुलाची कातडी आखडते. सांगितलेला व्यायाम सुट्टीतही चुकवू नये. चिडवाचिडवी होऊ नये म्हणून मूल वर्गात येण्याआधीच शिक्षकांनी इतर मुलांशी बोलावे. पाय गेला किंवा प्लास्टर असेल तर तळमजल्यावरचा वर्ग आणि जवळचे शौचालय मागावे. झोपेत दचकणे, शाळेचे नाव काढताच रडणे थांबत नसेल तर 14416 या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो.

या मागण्या म्हणजे उपकार नव्हेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करावी. दहावी-बारावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो; अर्ज वेळेत शाळेमार्फत करावा. अपघातग्रस्त विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. त्यासाठी दवाखान्याची बिले आणि पोलिसांचे कागद जपून ठेवावेत.

आणि वस्तीने काय करावे? बुडालेला अभ्यास संध्याकाळी विहारात मोठ्या मुलांनी भरून द्यावा. पहिल्या दिवशी दोघा-तिघांनी त्याचे दप्तर घेऊन शाळेपर्यंत सोबत चालावे. आपल्या घरांत शाळा किती कष्टाने आली हे आपण जाणतो. एका अपघाताने ती जाऊ देऊ नये.