अड्यारच्या वडाची पोथी झाली त्याची गोष्ट

चेन्नईतल्या अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारातला वड माझ्या लॅपटॉपवर एका संध्याकाळी पोथी झाला. चूक माझीच. हात बसावा म्हणून मी अड्यारचीच एक छोटी ऑन्टॉलॉजी, म्हणजे तिथल्या वस्तूंचा आणि त्यांच्या नात्यांचा संगणकाला कळणारा आराखडा, मांडत होतो. त्यात नदी होती, वड होता, कर्नल ऑलकॉट यांनी १८८६ साली सुरू केलेलं अड्यार ग्रंथालय होतं आणि तिथल्या ताडपत्रावरच्या पोथ्या होत्या. 'लेखक' नावाची प्रॉपर्टी, म्हणजे नातं, केली आणि तिचं डोमेन, म्हणजे ते नातं ज्याचं असतं तो समूह, 'पोथी' ठेवलं. माहिती भरताना ओळ चुकली आणि एका टीकाकाराचं नाव वडापुढे जाऊन बसलं.

आता रीझनर, म्हणजे अशा विधानांतून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम, लाल अक्षरांत ओरडेल, अशी माझी समजूत होती. तो ओरडला नाही. ज्याला लेखक आहे ती पोथी, या वडाला लेखक आहे, तेव्हा हा वड पोथी आहे, असं त्याने निमूटपणे नोंदवलं.

या क्षेत्रात सगळ्यात जास्त लोक इथेच ठेचकाळतात. डोमेन आणि रेंज (नात्याच्या दुसऱ्या टोकाचा समूह) म्हणजे डेटाबेसमधली तपासणी, चुकीचा माल दारातच अडवणारी, असं त्यांना वाटतं. वेब ऑन्टॉलॉजी लँग्वेज, म्हणजे सगळे जिला 'आउल' म्हणतात ती भाषा, २००४ साली प्रमाण झाली आणि २००९ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. दोन्हींत डोमेन हे अनुमानाचं साधन आहे. तुम्ही सांगितलेलं सगळं खरं धरायचं आणि त्यातून काय निघतं ते बघायचं, एवढंच रीझनरला ठाऊक. वडाची पोथी होऊ द्यायची नसेल, तर 'वृक्ष' आणि 'पोथी' हे क्लास परस्परांपासून वेगळे आहेत, एकच वस्तू दोन्हींत बसत नाही, हे तुम्हीच लिहायला हवं. मी ते लिहिलं आणि पुन्हा रीझनर चालवला. या वेळी विसंगती दिसली आणि 'का?' विचारल्यावर माझीच विधानं एकाखाली एक मांडून मिळाली. नुसता माल तपासायचा असेल, तर त्यासाठी 'शॅकल' नावाचं वेगळं प्रमाण २०१७ पासून आहे. ते वापरावं, रीझनरला वेठीला धरू नये.

जावा किंवा पायथनमधून आलेल्यांचा गोंधळ वेगळा असतो. तिथे क्लास म्हणजे साचा: आधी साचा, मग त्यातून वस्तू, आणि वस्तूची जात जन्मतःच ठरलेली. इथे क्लास म्हणजे नुसता समूह. वस्तू आधी असू शकते आणि ती कुठल्या समूहात पडते हे मागाहून कळतं, एकाच वेळी दहा समूहांतही पडते. पायथनची आउलरेडी ही लायब्ररी तर फारच फसवी, कारण तिच्यात ऑन्टॉलॉजीचे क्लास हुबेहूब पायथनच्या क्लाससारखे लिहिता येतात. मग माणूस अनुमान आपोआप होईल म्हणून वाट बघत बसतो. ते होत नाही. रीझनरला वेगळी आज्ञा द्यावी लागते, आणि आतला हर्मिट हा रीझनर जावात लिहिलेला असल्यामुळे संगणकावर जावाही लागते.

'वड' हा 'वृक्ष'चा सबक्लास, इथपर्यंत कोणी चुकत नाही. पण मग 'पारंबी' 'वड'च्या खाली टाकली जाते, कारण डोळ्यांना पारंबी वडाखालीच दिसते! सबक्लासचा अर्थ एवढाच, की खालच्या समूहातली प्रत्येक वस्तू वरच्या समूहातलीही असते. प्रत्येक पारंबी हा वड असतो का? नाही, ती वडाचा भाग असते, आणि 'भाग आहे' हे नातं आउलमध्ये तयार मिळत नाही. ते आपणच करायचं आणि ते पुढे पुढे पोचतं, म्हणजे भागाचा भाग हाही भागच, हेही आपणच सांगायचं. सदस्यत्वाचं उलटं आहे. अड्यारचा वड हा फायकस बेंगालेन्सिस या प्रजातीतला एक, आणि ती प्रजाती म्हणजे वनस्पतिशास्त्रातल्या प्रजातींपैकी एक. म्हणून अड्यारचा वड ही 'एक प्रजाती' होत नाही. सबक्लासची साखळी पुढे सरकते, सदस्यत्वाची सरकत नाही.

लक्षण, म्हणजे व्याख्या, बांधताना तर आपलीच जुनी शब्दसंपत्ती कामी येते. वडाला पारंब्या असतात, हे विधान सबक्लासने लिहिलं तर वड दिसल्यावर रीझनर पारंब्या गृहीत धरतो. तेच समतुल्यतेने लिहिलं तर उलटा रस्ताही खुला होतो, आणि पारंब्या सोडणारं रबराचं झाडही वड ठरतं. न्यायशास्त्र याला अतिव्याप्ती म्हणतं. शिंगं असणं हे गाईचं लक्षण केलं तर म्हैसही गाय होते, तसंच हे. तांबूस रंग हे लक्षण केलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ती अव्याप्ती. मी तरी समतुल्यतेचं चिन्ह टाकण्याआधी म्हैस आठवतो.

पण एका बाबतीत नैयायिक आउलपेक्षा कडक होते. उदयनाचार्यांनी सांगितलेल्या जातिबाधकांत, म्हणजे एखाद्या समूहाला खरी जाती मानण्याच्या आड येणाऱ्या गोष्टींत, 'संकर' नावाचा एक दोष आहे. भूतं पाच: पृथ्वी, जल, तेज, वायू आणि आकाश. मूर्त द्रव्यंही पाच, पण त्यांत आकाशाच्या जागी मन येतं. दोन्ही समूहांत चार सदस्य सामाईक, तरी एक दुसऱ्याच्या पोटात मावत नाही. अशा वेळी भूतत्वाला खरी जाती मानायला संकर आड येतो. आउलला यात काहीच वावगं वाटत नाही, समूह खुशाल एकमेकांवर चढोत. कोण बरोबर, हा वाद इथे नको. पण नीटनेटका झाडासारखा आराखडा हवा असणाऱ्याने उदयनाचार्यांचं ऐकावं, असं माझं मत आहे.

राहिला 'नोंद नाही म्हणजे नाही' हा समज. रेल्वेच्या आरक्षण तक्त्याला हे लागू पडतं: नाव नाही, तर बर्थ नाही. ऑन्टॉलॉजीला ते लागू नाही. पोथीपुढे लेखक लिहिलेला नसेल तर रीझनरच्या लेखी लेखक माहीत नाही, एवढंच. निनावी पोथ्यांची यादी मागितली तर ती रिकामी येते. नावांचंही तसंच. दोन नावं म्हणजे दोन वस्तू, असं तो मानत नाही.

हे मला पुन्हा वडानेच दाखवलं. प्रत्येक वडाला नेमकं एक मुख्य खोड असतं, असं मी हौसेने लिहून ठेवलं होतं. मग 'पडलेलं खोड' आणि 'मधलं खोड' अशा दोन नोंदी मुख्य खोड म्हणून भरल्या. तक्रार न करता रीझनरने दोन्ही एकच असल्याचं ठरवलं. दोन्ही नोंदी पुसल्या. मुळात सुमारे साडेचारशे वर्षांच्या या वडाचं मुख्य खोड १९८९ च्या वादळात कोसळलं आणि झाड उभं आहे ते पारंब्यांच्या खोडांवर. तरी रीझनरचं म्हणणं कायम: या वडाला मुख्य खोड आहे, फक्त कुठलं ते तुम्ही सांगितलेलं नाही. शेवटी नियमातली ती ओळच काढून टाकली.