अक्कलदाढ : काढावी की राहू द्यावी?



वसंतातील व्याख्याने म्हटली की इतिहास, तत्त्वज्ञान किंवा अर्थकारण यांवर कोणी विद्वान बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात हा पायंडा पाडला, तेव्हापासून तसेच चालत आले आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या दारावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. म्हणून आम्ही आज विषयही लहानसाच घेतला आहे : तोंडाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात बसणाऱ्या अक्कलदाढेचा. हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा वाटेल; पण ज्याची दाढ रात्री दोन वाजता ठणकते आणि ज्याला सकाळी सातच्या पाळीला हजर व्हावयाचे असते, त्याला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

हा विषय आम्हांला दोन तरुणांनी दिला. दोघेही आपल्या जूचंद्रातून वालीव-सातिवलीच्या कारखान्यांत जाणारे. एक बावीस वर्षांचा. त्याचे काहीच दुखत नव्हते. तो दात साफ करून घ्यावयास गेला आणि हातात एक कागद घेऊन परत आला : ‘चारही अक्कलदाढा काढाव्यात, नाहीतर पुढचे दात वेडेवाकडे होतील.’ खर्चाचा आकडा त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा होता. दुसरा सत्तावीस वर्षांचा. त्याचा गाल वर्षात तिसऱ्यांदा सुजला होता. दर वेळी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणावयाच्या, चार दिवस काढावयाचे आणि विसरून जावयाचे. काढून का घेत नाहीस, असे विचारता तो म्हणाला, “काका, दाढ काढली की डोळ्यांवर परिणाम होतो म्हणतात.” एकाला काढण्याची घाई झाली होती आणि दुसऱ्याला काढण्याची भीती वाटत होती. दोघांचाही प्रश्न एकच : आम्ही काय करावे?

आम्ही डॉक्टर नाही, हे त्यांना आधी सांगितले. परंतु मागणीपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचावे आणि समजून घ्यावे, ही आमची जुनी सवय. म्हणून वाचले, जाणत्या दंतवैद्यांना विचारले, आणि जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम ही दाढ म्हणजे काय ते पाहू. बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत माणसाला अठ्ठावीस दात येतात. बत्तिशी पुरी करणाऱ्या शेवटच्या चार दाढा साधारणतः सतरा ते पंचवीस या वयात येतात. त्या वयात माणसाला समज येते, म्हणून ती अक्कलदाढ. हे नाव केवळ आपलेच नव्हे. अरबीत, फारसीत, लॅटिनमध्येही तिला अकलेचाच दात म्हणतात. ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले आहे की ही दाढ विसाव्या वर्षाच्या सुमारास येते आणि क्वचित एखाद्या स्त्रीला ऐंशी वर्षे उलटल्यावरही आलेली दिसते. सुमारे पाचांतल्या एका माणसाला मात्र चारांपैकी निदान एक दाढ मुळी येतच नाही. तेव्हा ती नसली म्हणजे अक्कल कमी, असे कोणी समजू नये!

अडचण उद्भवते ती जागेची. आपले पूर्वज कच्चे, चिवट अन्न चावून खात. आपण शिजवलेले, मऊ अन्न खातो. पिढ्यान् पिढ्या जबडा आखूड होत गेला, दाढांची संख्या मात्र तीच राहिली. आता सकाळी नायगावला लोकलच्या डब्यात शेवटी चढणाऱ्या उतारूची कल्पना करा. काहींना सरळ उभे राहावयास जागा मिळते; काही तिरके अडकतात; काही दारातच राहतात. अक्कलदाढेचेही तसेच होते. सरळ आली, वरच्या दाढेशी जुळली, ब्रश तिच्यापर्यंत पोचला, तर ती इतर दाढांसारखी आयुष्यभर चाकरी करते. आडवी अडकली आणि हाडातच गाडलेली राहिली, तर कित्येकदा जन्मभर गुपचूप पडून राहते. सर्वांत त्रासदायक ती अर्धवट बाहेर आलेली दाढ.

तिचे कारण असे. अर्धवट दाढेवर हिरडीची एक झडप राहते. तिच्याखाली अन्नाचे कण शिरतात, ब्रश तेथे जात नाही, जंतू वाढतात आणि हिरडी सुजते. सुजलेल्या हिरडीवर वरची दाढ चावते, ती आणखी सुजते. तोंड उघडेनासे होते, गिळताना कळ येते, ताप भरतो. गोळ्यांनी सूज उतरते. पण झडप जागच्या जागी असते, म्हणून दुखणे पुन्हा येते. मुळात मालकाशी तंटा न मिटवता नुसती हंगामी तडजोड केली, तर दर सहा महिन्यांनी तोच तंटा उभा राहतो, तसेच हे.

आता मुख्य प्रश्न : काढावी केव्हा? ज्यांवर दंतवैद्यांत फारसा मतभेद नाही अशी कारणे ही : हिरडीची सूज पुन:पुन्हा येणे, दाढ भरून काढता येणार नाही इतकी किडणे, तिच्यामुळे शेजारची चांगली दाढ किडू लागणे किंवा तिच्या मुळाची हानी होणे, दाढेभोवती गळू, पाण्याची गाठ किंवा अर्बुद होणे. यांपैकी काही असेल तर काढण्यास टाळाटाळ करणे म्हणजे शेजारच्या चांगल्या दाढेचा बळी देणे होय.

परंतु काहीच त्रास नसेल तर? येथे जगात दोन पक्ष आहेत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने मार्च २००० मध्ये सांगितले की रोग नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढणे बंद करावे. हिरडीची पहिली सूज फार तीव्र नसेल तर तेवढ्यावरून शस्त्रक्रिया करू नये. दुसऱ्यांदा आली तर विचार करावा. अमेरिकेत तरुणपणीच दाढा काढून टाकण्याचा रिवाज मोठा. परंतु तेथील सार्वजनिक आरोग्य संघटनेनेही २००८ साली सरसकट काढण्यास विरोध नोंदवला. जगभरचे संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० साली सांगितले की त्रास नसलेली दाढ काढावी की ठेवावी हे ठामपणे ठरविण्याइतका पुरावा नाही. पुढचे दात वेडेवाकडे होण्याचे खापर अक्कलदाढेवर फोडण्यासही भक्कम आधार मिळालेला नाही. ते दात वयाबरोबर अक्कलदाढ नसलेल्या माणसांतही सरकतात.

मग ठेवणेच बरे, असे कोणी म्हणेल. थांबा. ब्रिटनमध्ये त्या निर्णयानंतर काय झाले तेही ऐका. काढणे पुष्कळ अंशी थांबले नाही, ते पुढे ढकलले गेले. पूर्वी सरासरी पंचविशीत दाढ काढली जाई, ती पुढे बत्तिशीच्या सुमारास काढली जाऊ लागली. आणि शेजारची दाढ किडल्यामुळे येणारे रोगी वाढले. वय वाढले की दाढेची मुळे पुरी होतात, हाड टणक होते आणि जखम भरावयास वेळ लागतो. तात्पर्य, ‘राहू द्या’ याचा अर्थ ‘विसरून जा’ असा नव्हे. ठेवलेल्या दाढेवर वर्षातून एकदा तरी दंतवैद्याची नजर हवी. संप हा शेवटचा उपाय, हे आम्ही आयुष्यभर सांगत आलो. परंतु वेळ टळून गेल्यावर केलेला संप हरतो, हेही आम्ही पाहिले आहे.

शस्त्रक्रियेतले धोकेही मोजले पाहिजेत. खालच्या जबड्याच्या हाडातून एक मज्जातंतू जातो. ओठाला व हनुवटीला स्पर्श कळतो तो त्याच्यामुळे. जिभेचा तंतूही जवळच असतो. दाढ काढताना त्यांना धक्का लागला तर बधिरपणा येतो. तो बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो; कायमचा राहण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. दाढेची मुळे या तंतूला खेटून आहेत असे क्ष-किरण चित्रात दिसले, तर अधिक बारकाईचे चित्र काढतात आणि कधी मुळे तशीच ठेवून फक्त वरचा भाग कापून घेतात. डोळ्यांचे म्हणाल तर दृष्टीचा मज्जातंतू निराळा आणि दाढांचे निराळे. दाढ काढल्याने दृष्टी जात नाही.

म्हणून आमच्या त्या दोन तरुणांना आम्ही प्रश्न लिहून दिले. दंतवैद्यासमोर बसून ते नम्रपणे, पण न भिता विचारावेत. माझ्या कोणत्या दाढेला कोणता रोग आहे, तो चित्रात मला दाखवाल का? आज काढली नाही तर काय होण्याचा संभव आहे? माझ्या बाबतीत तंतूचा धोका किती? चारही एकदम कशासाठी? खर्च किती, तो लिहून द्याल का? चांगला वैद्य या प्रश्नांनी रागावत नाही. रागावला तर दुसऱ्याचे मत घ्यावे. मुंबई सेंट्रलजवळ नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. रांग लागते, खेपा पडतात. पण खर्च खासगीहून पुष्कळ कमी आणि हात शिकलेले असतात. रस्त्याकडेला सांडशी घेऊन बसणाऱ्याकडे मात्र जाऊ नये. १९४८ च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदणी सुरू झाली, ती त्यासाठीच.

दोघेही नायरला जाऊन आले. पहिल्याच्या चारांपैकी तीन दाढा निरोगी निघाल्या. चौथी अर्धवट होती, ती नीट घासावयास शिकवून वर्षाने यावयास सांगितले. त्याचे दोन महिन्यांचे वेतन वाचले. दुसऱ्याची खालची उजवी दाढ काढली. आणखी वर्षभर थांबला असता तर शेजारचीही गेली असती, असे त्याला चित्र दाखवून सांगण्यात आले.

त्याची भीती आम्हांला परकी नव्हती. १९९४ साली, चोवीस वर्षांचे असताना, आम्ही सुजलेला गाल मफलरने झाकून तीन पाळ्या केल्या. दाढ दुखते म्हणून रजा मागणे लाजिरवाणे वाटे. चौथ्या दिवशी सूज जबड्याखाली उतरली आणि पाणीही गिळवेना. इस्पितळात नऊ दिवस काढले. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर श्वास कोंडला असता. नऊ दिवसांचा पगार गेला तो निराळाच. म्हणून आवर्जून सांगतो : जबड्याखाली सूज, गिळण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास, ताप, यांपैकी काही दिसले की त्याच दिवशी, त्याच घटकेला इस्पितळ गाठावे. बाहेरून कडक शेक देत बसू नये; हिरडीवर वेदनाशामक गोळी दाबून ठेवू नये, तिने हिरडी भाजते.

रजेचाही हिशेब आधीच करावा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत अधिक असते. अवजड काम करणाऱ्याने तीन-चार दिवस धरावेत. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात वेतनाच्या सत्तर टक्के भत्ता वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. परंतु साधारणतः पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. तेव्हा साप्ताहिक सुट्टीला लागून दिवस ठरवावा आणि दाखला घेतल्याशिवाय निघू नये.

दाढ काढल्यावर जी खाच राहते तीत रक्ताची गुठळी धरते. ती गुठळी म्हणजे निसर्गाने बांधलेली पट्टी. ती निसटली तर हाड उघडे पडते आणि तीन-चार दिवसांनी असह्य ठणका लागतो. म्हणून पहिले चोवीस तास थुंकू नये, चूळ भरू नये, नळीने काही ओढून पिऊ नये. विडी, तंबाखू, मिश्री अजिबात नको. पेज, दहीभात, थंड व मऊ अन्न घ्यावे. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार गुळण्या कराव्यात. मिठागरांच्या गावाला मिठाचे गुण आम्ही काय सांगावेत! मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा बाई गरोदर असेल, तर ते दंतवैद्याला आधी सांगावे.

शेवटी एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. तोंड उघडत नाही म्हणजे अक्कलदाढच, असे मानून बसू नका. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांचे तोंड आतून ताठ होत जाते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण पुड्या अजून दिसतातच. स्वतःच्या हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील, किंवा तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरत नसेल, तर तो कर्करोगाचा इशारा असू शकतो. तेथे वाट पाहण्यास मुळीच जागा नाही.

तेव्हा दाढ काढावी की राहू द्यावी, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर आमच्यापाशी नाही; कोणापाशीच नाही. रोग असेल तर वेळेवर काढावी. नसेल तर घासावी, दाखवावी आणि राखावी. निर्णय घाईने नको, भीतीनेही नको. समजून घेऊन हवा. अक्कलदाढेला तिचे नाव शोभावयाचे असेल तर ते एवढ्यानेच शोभेल.