चालण्याची साक्ष

शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधल्या, शिलाहारांच्या राजवटीतील अंबरनाथच्या शिवालयात मंडपातून गर्भगृहात जाण्यासाठी वीसेक पायऱ्या खाली उतराव्या लागतात. महाशिवरात्रीच्या यात्रेत दर्शनास आलेल्या वयस्क मंडळींपैकी काहींची छाती चढताना भरून येते, हे कोणासही समजण्याजोगे आहे. परंतु काही जण असे असतात की रांगेत ताठ उभे राहिल्यानेच त्यांच्या मांड्या-पोटऱ्या जड होतात, पायऱ्या उतरताना पायांना मुंग्या येऊन ते आपले नव्हेतसे वाटू लागतात, आणि कट्ट्यावर जरा बसले किंवा पुढे वाकून कठड्याला हात टेकले की काही मिनिटांत ती सारी व्यथा ओसरते. चढण त्यांना उतारापेक्षा सुसह्य वाटते. या मंडळींचा बिघाड बहुधा पायांत नसून कमरेच्या कण्यात असतो.

घरात या दुखण्याचा निकाल ‘शीर दबली’ किंवा ‘गादी सरकली’ अशा दोन शब्दांत लावला जातो, आणि त्यात तथ्याचा अंश आहेही. पण स्पायनल स्टेनोसिस, म्हणजे मेरुनलिकेचे आकुंचन, हा एका दिवसात घडणारा अपघात नव्हे. मणक्यांच्या मागील कमानी एकाखाली एक येऊन जी पोकळ नलिका तयार होते, तिच्यातून मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापर्यंत येऊन संपतो आणि त्याखाली पायांकडे, मूत्राशयाकडे व गुदद्वाराकडे जाणाऱ्या चेतातंतूंचा जुडगा उरतो. वय वाढते तसे मणक्यांमधील गादीतले पाणी कमी होते, तिची उंची घटते, तिने वाहावयाचा भार मागील सांध्यांवर पडून ते सांधे फुगतात, कमानींना जोडणारा पिवळसर बंध जाड होऊन आत दुमडतो, आणि या तिन्ही बाजूंच्या अतिक्रमणाने, विशेषतः चौथ्या व पाचव्या कटिमणक्यांच्या दरम्यान, वाट अरुंद होते. ताठ उभे राहिले की ती आणखी आकसते, पुढे वाकले की थोडी मोकळी होते. चालताना तंतूंना रक्त अधिक लागते आणि नेमके तेव्हाच दाबामुळे त्यांच्यातील रक्त तुंबते. गर्दीच्या बदलापूर लोकलमध्ये डोक्यावरची कडी धरून उभे राहणे या रुग्णांस का जाचते आणि बाजारात हातगाडीवर ओणवे होताच बरे का वाटते, त्याचा उलगडा यातच आहे.

युट्रेक्टचे डच मज्जाशल्यविशारद हेंक फेरबीस्ट यांनी १९५४ साली हे लक्षणचित्र सविस्तर मांडले आणि पुढे नलिकेचा पुढून मागे मोजलेला व्यास १० मिलिमीटरांहून कमी असेल तर ती निखालस अरुंद समजावी, असे माप घालून दिले. काहींची नलिका जन्मतःच अरुंद घडणीची असते. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातील फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास कण्याचे बंध हाडासारखे कठीण होऊन हीच दुर्दशा तुलनेने तरुण वयातही ओढवू शकते. त्या गावांना औषधाआधी शुद्ध पाण्याची तजवीज हवी.

पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरीही चालताना पोटऱ्या दुखतात. पण तो रुग्ण नुसता उभा राहिला तरी त्याची वेदना थांबते, आणि सायकल चालवताना मात्र ती उमटते. कण्याच्या रुग्णास बसावे किंवा वाकावे लागते, आणि पुढे वाकून तो पुष्कळदा मैल-दोन मैल सायकल विनातक्रार चालवतो. म्हणून ‘स्टेशनपासून घरापर्यंत येताना किती ठिकाणी बसावे लागते?’ हा डॉक्टरांचा साधा प्रश्न मला एमआरआयच्या फिल्मइतकाच मोलाचा वाटतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात कंबरदुखीची काहीही तक्रार नसलेल्या ६७ जणांचे एमआरआय तपासले, तेव्हा साठीपुढील व्यक्तींपैकी २१ टक्क्यांत स्टेनोसिस आढळला. कागदावरचा अरुंदपणा आणि माणसाची पीडा यांचा मेळ बसला, तरच इलाजाचा विचार.

सौम्य व मध्यम अवस्थेत अनेकांची प्रकृती वर्षानुवर्षे तशीच राहते, काहींची सुधारतेही. त्यामुळे घाईने निर्णय घेण्याचे कारण नसते. कंबर पुढे झुकवणारे व्यायाम, पोटाच्या स्नायूंचे बळ, स्थिर सायकल, वजनावर ताबा, काठी किंवा वॉकर यांचा आधार हा पहिला टप्पा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १६९ रुग्णांच्या एका चाचणीत शस्त्रक्रियेसाठी निवडलेला गट आणि फिजिओथेरपीसाठी निवडलेला गट यांची दोन वर्षांनंतरची कार्यक्षमता सारखीच निघाली, मात्र व्यायामाच्या गटातील पुष्कळांनी मध्येच शस्त्रक्रिया पत्करली, हेही विसरता कामा नये. कण्यातील स्टेरॉइडच्या इंजेक्शनविषयी मात्र मी साशंक आहे: २०१४ साली ४०० रुग्णांवर केलेल्या चाचणीत, नुसते बधिर करणारे औषध आणि त्यात मिसळलेले स्टेरॉइड यांच्या परिणामांत सहा आठवड्यांनी लक्षणीय फरक दिसला नाही.

चालणे दिवसेंदिवस आखडत चालले आणि व्यायामाने ते परत मिळेना, तर मागील कमानीचा व जाड बंधाचा भाग काढून तंतूंना जागा करून देणारी शस्त्रक्रिया योग्य निवडलेल्या रुग्णास मोठा दिलासा देते. तिच्या जोडीला स्क्रू व सळ्या घालून मणके जखडावेत काय, हा वाद मोठा. गोव्यात जन्मलेले व शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात दीर्घकाळ सेवा केलेले डॉ. प्रेमानंद रामाणी यांच्यासारख्यांनी मणके जोडण्याचे तंत्र आपल्याकडे रुजवले, आणि अस्थिर कण्यास त्याची गरज निर्विवाद आहे. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या २४७ रुग्णांच्या स्वीडिश चाचणीत नलिका मोकळी करण्याच्या नुसत्या शस्त्रक्रियेला जोडणीची पुरवणी दिल्याने दोन वर्षांनंतर अधिक लाभ दिसला नाही. म्हणून ‘मणका खरोखर हलतो काय आणि जोडणी कशासाठी?’ हे विचारण्याचा रुग्णास हक्क आहे, आणि दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घेण्यात कोणाचा अवमान होत नाही.

हा सारा धीर कमरेच्या दुखण्यापुरता. मानेत नलिका अरुंद झाली तर खुद्द मज्जारज्जू दबतो. शर्टाचे बटण लावता येत नाही, चाल अडखळते, आणि अशा वेळी कालहरण घातक ठरते. कमरेच्या रुग्णासही लघवी अचानक अडली, शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतील व गुदद्वाराभोवतालची जागा बधिर झाली किंवा पाय लुळा पडू लागला, तर उद्याची वाट न पाहता, मध्यरात्र असली तरी, जिथे एमआरआय व कण्याची शस्त्रक्रिया दोन्ही होतात अशा रुग्णालयात त्याला नेले पाहिजे.