गाडी सुरू होत नाही? आधी आवाज ऐका

गाडी सुरू झाली नाही की आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं, "बॅटरी गेली." आणि चावी हातात असलेली बाई बाजूला उभी राहते. आता मलकापुरातल्या कितीतरी जणी शाळेत, बँकेत, शेतावर, राजूर घाट चढून बुलढाण्याला स्वतः गाडी घेऊन जातात. म्हणून आज आपण बिघाड ओळखायला शिकू. दुरुस्ती मिस्त्रीच करील, पण नेमकं बिघडलंय काय, हे कळलं तर नसता खर्च वाचतो.

पूर्वी इंजिन पुढून हँडल मारून फिरवावं लागे. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि ते कष्ट संपले. यालाच आपण 'सेल्फ' म्हणतो. बॅटरी सेल्फला फिरवते, सेल्फ इंजिनाला. मग इंजिनाला हवा आणि इंधन लागतं. पेट्रोल गाडीत ठिणगीही लागते. डिझेल मात्र दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच पेटतं.

आधी साध्या गोष्टी बघा. क्लच पूर्ण दाबलाय ना? ऑटोमॅटिक गाडी 'पी' किंवा 'एन'वर आहे ना? चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चावी ओळखत नाही. दुसरी चावी लावून बघा. आता चावी फिरवा आणि कान द्या.

नुसतं 'कट-कट' वाजलं किंवा काहीच वाजलं नाही, तर हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारा. दिवा एकदम मंदावला किंवा लागलाच नाही, तर बॅटरी उतरलीय किंवा तिचं टर्मिनल सैल आहे. दिवा लख्ख राहिला आणि सेल्फ फिरला नाही, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरीत. अशा वेळी नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर दिसला तर साफ करून घ्या. काढताना काळी वायर आधी, लावताना काळी शेवटी. चांगली भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १४च्या आसपास दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर बॅटरी चार्जच होत नाही, मग नवी घातली तरी तीही उतरेल.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी लवकर आटतं. झाकणाची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं, बोअरचं घालू नका. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यातलं तर मुळीच नको, क्षारांनी बॅटरी खराब होते. आणि बॅटरीजवळ काडी पेटवू नका, तिच्यातून निघणारा वायू भडकतो.

सेल्फ 'घर्र घर्र' जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही? मग बॅटरीला दोष देऊ नका. इंधनाचा काटा बघा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत चावी 'ऑन' केली की मागून दोनेक सेकंद पंपाची गुणगुण येते. ती नसेल तर फ्यूज किंवा पंप तपासायला सांगा. बोनेटखाली उंदरानं वायर कुरतडलीय का, तेही बघा. डिझेल पूर्ण संपून मग भरलं असेल तर लाइनमध्ये हवा धरते. ती काढावी लागते. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. पुन्हा सेल्फ मारू नका.

एरवीही एका वेळी पाच-दहा सेकंदच सेल्फ मारा, मग अर्धा मिनिट थांबा. सतत मारत राहिलं तर बॅटरी उतरते आणि सेल्फ तापतो. धक्का स्टार्ट फक्त गिअरच्या गाडीला, सपाट रस्त्यावर. घाटात नाही, इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. पेट्रोलचा किंवा जळक्या वायरीचा वास आला तर चावी काढून लांब व्हा.

हायवेला गाडी अडली तर चारही इंडिकेटर लावा, रस्त्यापासून दूर उभ्या राहा आणि १०३३ला फोन करा. एकटीला भीती वाटली तर ११२. आणि घरात कळा सुरू झालेली सून असेल, छातीत दुखणारे सासरे असतील, तर बोनेट उघडत बसू नका. एकदा सेल्फ मारून बघा, नाही झालं की लगेच १०८ लावा.

मिस्त्रीला फोन करताना "गाडी बंद आहे" एवढंच सांगू नका. सेल्फ फिरतो का, दिवे मंदावतात का, इंधन किती आहे, हे तिन्ही सांगा. तो योग्य सामान घेऊन येईल. उद्या सकाळी गाडी चांगली असतानाच बोनेट उघडून बॅटरी कुठं आहे ते बघून ठेवा, आणि सुरू होतानाचा नेहमीचा आवाज नीट ऐकून घ्या.